न टोचलेला फोड

मी सुई बोलतेय. कापडं शिवायची नाजूक सुई नव्हे, वाकळ शिवायची जाडजूड सुई. जरा लवकर लवकर ऐका, कारण मला एका जागी बसायची सवय नाही. आत शिरायचं, बाहेर निघायचं, पुन्हा आत शिरायचं, जन्मभर एवढंच केलं. आता मात्र वर्षाच्या वर झालं, मी एका खिळ्याला लटकून आहे आणि जीव नुसता वळवळतोय. का लटकलेय ते सांगते. त्यात माझा गुन्हा आहे, तोही सांगते. लपवून ठेवायला माझ्यासारखीला पोट कुठंय?

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. तार तोडली, एक टोक घासून धार काढली, दुसऱ्या टोकाला नेढं पाडलं आणि बहिणींबरोबर काळ्या कागदात गुंडाळून टाकलं. कागद उघडला तो थेट जालन्याला, मस्तगडात, गौतमचंद शेटच्या दुकानात. तिथं सुया, दोरे, बांगड्या, काजळाच्या डब्या असलं सगळं मिळायचं. वाटूरच्या सगुणाबाई नव्या सुनेला बांगड्या भरायला आल्या होत्या. जाता जाता त्यांनी मला उचललं, आपल्याच अंगठ्याला टोचून बघितलं आणि शेटला म्हणाल्या, सुई बोथट नको आणि सून मिळमिळीत नको, दोन्ही रोज हाताशी लागतात. शेट हसले. सून मान खाली घालून उभी होती, पण तीही हसली, ते मी पाहिलं.

सून म्हणजे बेबीनंदा. आम्ही दोघी एकाच दिवशी त्या घरात आलो.

घर वाटूर फाट्याच्या अलीकडं, बौद्धवाड्यात. दोन खोल्या, सारवलेल्या. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यांच्यावर धूळ बसायची हिंमत नसे. मुलगा वसंता शाळेत गुरुजी. सगुणाबाई गावभराच्या वाकळा शिवायच्या. जुनी लुगडी थरावर थर अंथरायची आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. लोकांना वाटतं, वाकळ म्हणजे थर. छट्! थर काय, चिंध्याच त्या. टाका धरतो म्हणून ती वाकळ. हे मी माझ्या फुशारकीपायी सांगत नाही, पुढं कामाला येणार आहे म्हणून सांगते.

सगुणाबाईंची नजर अधू झाली होती. दोरा ओवायचं काम बेबीनंदाचं. पांढऱ्या दोऱ्याचं टोक ती ओठांत धरून ओलं करायची, चिमटीत पिळायची आणि एका झटक्यात माझ्या नेढ्यातून पार. पाच वर्षं रोज सकाळी हेच. मधल्या काळात प्रज्ञा झाली, रांगली, चालायला लागली, पण दोरा ओवायचं काही चुकलं नाही.

शहात्तर सालच्या भादव्यात एका सकाळी त्या ओल्या टोकाला रक्त लागलेलं होतं.

मला पहिल्यांदा कळलं, घरात कुणालाच नाही. सगुणाबाईंना वाटलं सुनेच्या बोटाला टोचलं, त्यांनी माझ्या नावानं बोटं मोडली. अहो, मी टोचलंच नव्हतं! ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला नेढं आहे, तोंड नाही.

मग बेबीनंदानं ठेचा सोडला. भाकर दुधात कुस्करून गिळायला लागली. सासू चिडवायची, चार बुकं शिकलेल्या सुनेला आता मिरचीबी झोंबायला लागली म्हणून. तोंड आलंय, जाईल, असंच सगळ्यांना वाटलं. तोंडातल्या जखमा गेल्या नाहीतच, दिवाळीच्या सुमाराला छातीवर आणि पाठीवर फोड उठायला लागले. पाण्यानं भरलेले, सैल, हात लावला तर हलणारे. सकाळी हरभऱ्याएवढा दिसला तर संध्याकाळी लिंबाएवढा. फुटला की खाली लालभडक मांस, त्याला लुगडं चिकटायचं, आणि लुगडं सोडवताना बेबीनंदा दातावर दात दाबून बसायची.

इथून माझा गुन्हा सुरू होतो.

सगुणाबाई मला दिव्याच्या वातीवर तापवायच्या आणि एकेक फोड टोचायच्या. पाणी टिपून घ्यायच्या, कडुलिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्यानं पुसायच्या, वरून हळद आणि तेल. दवाखान्यात जायचं असलं की हे सगळं पहाटेपासून. अंगावर एकही फोड ठेवायचा नाही, स्वच्छ पांढरं लुगडं नेसवायचं, वेणी घालायची आणि मग एसटीत बसायचं. मला त्या कामाचा गर्व वाटायचा, खोटं कशाला बोलू? चिंध्या शिवणारी मी, आता जणू डॉक्टरीण झाले होते.

सगुणाबाई असं का करायच्या, तेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांना अडाणी म्हणाल. त्या दहा वर्षांच्या असताना त्यांच्या पायाला गळवं झाली होती. बापानं तालुक्याच्या एका वैद्याकडं नेलं. वैद्यानं ओट्यावर येऊ दिलं नाही. नाकाला उपरणं लावून लांबून बघितलं, ‘घाण’ म्हणाला आणि पुडी अंगणात फेकली. ती पुडी सगुणाबाईंनी मातीतून उचलली होती. पुढं छप्पन साली दीक्षा घेतली, देव पाण्यात सोडले, त्या दिवशी त्यांनी मनाशी एक गाठ बांधली की आपल्या घरातल्या माणसाला पुन्हा कुणी घाण म्हणायचं नाही. तेव्हापासून त्यांच्या घरातलं माणूस दवाखान्यात निघालं की लग्नाला निघाल्यासारखं निघायचं. सांगा आता, यात चूक ती काय काढायची? पण चूक होतीच, आणि ती बेबीनंदाच्या जिवावर बेतत होती.

एका डॉक्टरांनी हळद लावलेल्या खपल्या बघितल्या आणि खरजेचं मलम दिलं. दुसऱ्यांनी रक्त बिघडलं म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी वसंताला बाजूला नेलं, महारोग असू शकतो, ताटवाटी वेगळी करा, लेकराला लांब ठेवा, असं कानात सांगितलं. दुसऱ्या दिवशी चार वर्षांच्या प्रज्ञाला बदनापूरला आजोळी पाठवलं. निघताना पोर आईला बिलगायला धावली तर बेबीनंदा स्वतःच दोन पावलं मागं सरकली. त्या दिवसापासून ती बोलायचीच बंद झाली. तोंडातल्या जखमांमुळं असेल असं घरचे म्हणत, मला तसं वाटलं नाही.

त्यात दुर्गाबाई आल्या. गावातल्या, आमच्याकडं वाकळा शिवायला टाकणाऱ्या. बाई मनानं वाईट नव्हे, पण जिभेला हाड नाही. सगुणाबाईंना म्हणाल्या, तुमच्या लोकांनी मरीआई पाण्यात सोडली, आता आई सोडंल का? गुपचूप एक नारळ वाहून ये. सगुणाबाईंनी त्यांची अर्धी वाकळ तशीच परत दिली आणि बोलणं टाकलं. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक. आठ दिवसांनी आमच्या फडताळात एक नारळ आला. वसंतानं तो पाहिला आणि शाळेत निघून गेला. बेबीनंदा मात्र कितीतरी दिवसांनी बोलली.

“आत्याबाई, तोंडाची ही दशा. त्यातलं खोबरं बी मला खाता यायचं न्हाई.”

सगुणाबाई हसल्या की रडल्या, मला नीट दिसलं नाही. नारळ फडताळातच राहिला.

शेवटी वसंताला कुणीतरी मस्तगडातल्या डॉक्टर मुथांचं नाव सांगितलं. मारवाडी कुटुंबातले, कातडीच्या रोगांचं शिकून आलेले. नेहमीप्रमाणं पहाटे मी कामाला लागले. मग सगुणाबाईंनी मला कमरेच्या पानसुपारीच्या चंचीत खोचलं आणि सुनेच्या बुडाखाली घालायला मऊ वाकळ घेतली.

डॉक्टरांनी पाठीवरचं लुगडं बाजूला केलं, हळदीचा तो लेप बघितला आणि विचारलं, फोड कुठायत? सगुणाबाई अभिमानानं म्हणाल्या, फोडले की साहेब, समदं साफ करून आणलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तरी चिडले नाहीत. जखमेच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून हळूच सरकवला, तर वरची साल भिजलेल्या कागदासारखी सुटून आली. मग त्यांनी एका जखमेतलं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं. नुसता पू. काही समजेना.

त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या वाकळेची कड हातात घेतली.

“बाई, हे थर कशानं धरलेत?”

“टाक्यानं,” सगुणाबाई म्हणाल्या.

“बराबर. कातडीचं बी तसंच हाय. थरात बारीक बारीक टाके असतात. आन् आपल्या रक्तात पहारेकरी असतात, बाहेरचा रोग आला की त्याला मारतात. हिच्या पहारेकऱ्यांना हिचाच टाका चोर वाटून राह्यला, असा मला संशय हाय. ते टाके उसवून राह्यले. थर सुटला की मधी पाणी भरतं, त्यो फोड.”

चंचीत माझ्या अंगावर काटा आला. टाका उसवणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

डॉक्टरांनी पुढंही समजावलं. असाच आणखी एक रोग असतो, त्यात वरचा थर सुटत नाही, सगळी कातडीच खालच्या अस्तरापासून सुटते. दोन्हींचा औषधाचा हिशेब वेगळा. आणि नुसता जंतूंमुळं पिकलेला फोड असला तर तिसरंच. औषध जबर आहे, त्या पहारेकऱ्यांनाच झोपवावं लागतं, चुकीच्या रोगाला दिलं तर माणूस हातचं जाईल. म्हणून टाका नेमका कुठं उसवलाय ते बघायला ताजा, अख्खा फोड पाहिजे. एक दिवसाच्या आतला. न फोडलेला, न धुतलेला, तेल-हळद न लावलेला. कधीही आणा, पण जल्दी करा, कारण अशानं ही बाई फार दिवस काढायची नाही.

सगुणाबाईंनी सुनेच्या पाठीवरचं लुगडं सारखं केलं. मग म्हणाल्या, म्हणजे मीच पुरावा फोडत होते म्हणा की. मी मात्र चंचीत म्हणत होते, तुम्ही नाही हो बाई, मी, मी.

अख्खा फोड आणायचा, ऐकायला किती सोपं! पहिला फोड दंडावर आला, तो कूस बदलताना फुटला. दुसरा सांभाळून एसटीपर्यंत नेला, तो रस्त्यातल्या खड्ड्यांनी मंठ्याच्या गाडीत सीटला घासून फुटला, निम्म्यातून परत यावं लागलं. बेबीनंदाला ताप भरायला लागला. तिच्याखाली केळीची पानं अंथरली, कारण कापड सोसवेना. बांगड्या मनगटातून घसरून कोपरापर्यंत जायला लागल्या. मस्तगडात भरलेल्या त्याच बांगड्या. घरात कुणी बसत नव्हतं. वसंता उंबऱ्यात उभा राहायचा, सगुणाबाई आत-बाहेर करायच्या, आणि मी चंचीत तळमळत पडलेली.

एका सकाळी पाठीवर खांद्याखाली फोड दिसला. टपोरा, स्वच्छ पाण्याचा. आदल्या संध्याकाळी तिथं काही नव्हतं.

सवय वाईट असते हो. सगुणाबाईंचा हात चंचीत गेला, मी बाहेर आले, वातीवर तापले, फोडाजवळ पोहोचलेसुद्धा. एक बोटाचं अंतर राहिलं असेल.

“आत्याबाई.”

बेबीनंदा एवढंच म्हणाली. सगुणाबाई जागच्या जागी थिजल्या. मग त्यांनी मला बाजूला ठेवलं, सावरीचा कापूस काढला, सगळ्यांत मऊ लुगड्याचा पदर फाडला आणि मला दोऱ्यासकट हातात घेतलं. दोरा त्या दिवशी त्यांनी स्वतःच ओवला, सात-आठदा चुकून. डोक्यावर घागर ठेवताना बाया चुंबळ ठेवतात ना, तसली तळहाताएवढी चुंबळ त्यांनी माझ्याकडून शिवून घेतली. इतक्या बारीक टाक्यांची शिवण मी जन्मात घातली नव्हती. चुंबळ फोडाच्या भोवती ठेवली, फोड मधल्या पोकळीत. वरून काही घासू नये म्हणून झाकण हवं होतं. सगुणाबाईंनी घरात इकडंतिकडं बघितलं, फडताळ उघडलं, नारळ फोडला आणि करवंटी दगडावर घासून गुळगुळीत केली. मरीआईचा नारळ शेवटी कामाला आला. करवंटी चुंबळीवर पालथी घालून चिंधीनं सैल बांधली.

आंघोळ घालायची नव्हती, तेल लावायचं नव्हतं. लुगडं डागाळलेलं, जखमांना वास येत होता. सगुणाबाईंनी धुतलेलं पांढरं लुगडं दोनदा हातात घेतलं आणि दोनदा दांडीवर टाकलं. तसंच निघायचं ठरलं. वसंता बेबीनंदाला पुढून आधार देत होता, सासू मागून.

एसटीत लोक सरकून बसले. पुढच्या सीटवरच्या एका माणसानं नाकाला उपरणं लावलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, घाण.

तोच शब्द. सगुणाबाईंचा हात चंचीत आला, मला मुठीत घेतलं. एक टोचा, एक पुसा, पदर नीट केला की झालं, कुणी नाव ठेवणार नाही. मला कळत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. मूठ आवळत गेली, आवळत गेली, आणि मी त्यांच्याच तळव्यात शिरले. रक्त आलं. त्यांनी मूठ उघडली नाही.

“व्हय,” सगुणाबाई त्या माणसाला म्हणाल्या. “वास येऊन राह्यला. दवाखान्यात चाललो.”

जालना येईपर्यंत त्या ताठ बसल्या होत्या.

डॉक्टर मुथांनी करवंटी उचलली. फोड तसाच होता, त्यात खिडकीचा उजेड दिसत होता. हे कुणी केलं म्हणून त्यांनी विचारलं आणि कंपाउंडरला बोलावून दाखवलं. मग फोडाचं वरचं आवरण अलगद उघडून तळ खरवडला, काचेच्या पट्टीवर घेऊन रंग चढवला. कडेचा कातडीचा तुकडा एका बाटलीत घालून औरंगाबादला पाठवायला ठेवला. मायक्रोस्कोपमधून त्यांनी सगुणाबाईंनाही बघू दिलं. त्या म्हणाल्या, कणसातून निसटलेल्या जवारीच्या दाण्यासारखं दिसतं, एकाला एक धरूनच नाही. डॉक्टर म्हणाले, बिलकुल बराबर, धरणारा टाकाच गेलाय. आजचं हे आणि तोंडातल्या जखमा मिळून खात्री झाली, कागद मागून येईल, औषध आजच सुरू करू. रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, पेम्फिगस.

नाव ऐकून कुणाला काही वाटलं नाही. बेबीनंदानं मात्र मान वर केली. प्रत्येक शब्दाला तिच्या ओठातून रक्त येत होतं.

“माझ्या पोरीला लागंल का?”

“न्हाई,” डॉक्टर म्हणाले. “ह्यो महारोग न्हाई, देवी न्हाई, कुणाचा कोप न्हाई. कुणाकडून आल्ता असं न्हाई, आन् कुणाकडं जाणार न्हाई. पोरगी घरी आणा.”

वसंता भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारा माणूस, पोरासारखा हुंदके देऊन रडला.

बेबीनंदा दोन महिने जालन्याला दवाखान्यात होती. औरंगाबादहून कागद आला, थर वरच सुटला होता, डॉक्टरांचा संशय खरा ठरला. बारीक पांढऱ्या गोळ्यांनी तोंडातल्या जखमा आधी आटल्या, मग फोड. चेहरा मात्र टोपल्याएवढा सुजला, रात्रंदिवस भूक लागायची, क्षणात राग यायचा. गोळ्या हळूहळू कमी करायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी तिघांकडून पाठ करून घेतलं. गेल्या हिवाळ्यात गोळी कमी केल्यावर दोन फोड परत आले. कुणी हात लावला नाही. करवंटी आणि चुंबळ निघाली, आणि मंडळी थेट जालन्याला. रोग संपला असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणत नाहीत.

जालन्याहून घरी आल्या दिवशीच सगुणाबाईंनी मला चुंबळीत खोचलं होतं आणि चुंबळ खिळ्याला अडकवली होती. चुंबळ त्या हिवाळ्यात एकदा उतरली, तेव्हा मला काढून आधी भिंतीच्या भेगेत ठेवलं, नंतर परत खोचलं. वाकळांसाठी नवी सुई आणली. मला गंज चढायला लागलाय. राग येतो, नाही म्हणत नाही. धार अजून आहे माझी!

गावातल्या बाया पूर्वीसारख्याच येतात. कुणाच्या पायात काटा मोडला, कुणाला फोड आला, सगुणाबाईंचा हात हलका म्हणून. काटा असला तर नवी सुई निघते. फोड असला की सगुणाबाई म्हणतात, सुई हरवली. मी इथं डोक्यावर लटकलेली, आणि मी हरवले!

परवा दुर्गाबाई आल्या. दीड वर्षानं उंबरा चढल्या. दोन्ही नडग्यांवर पाण्याचे टणक फोड, भीतीनं चेहरा उतरलेला. सगुणे, तेवढे टोचून दे, म्हणाल्या.

“सुई हरवली माझी,” सगुणाबाई म्हणाल्या. “हात नको लावू, धुऊ बी नको. उद्या सकाळच्या गाडीनं मी येते तुझ्यासंगं.”

दुर्गाबाईंची नजर वर गेली. खिळ्यावर, चुंबळीवर, माझ्यावर. त्यांनी मला नीट पाहिलं. मग त्यांनी पदर सावरला आणि विचारलं, गाडी किती वाजता असती?

तर एवढंच मागणं आहे तुमच्याकडं. घरात कुणाला असे फोड आले तर माझ्यासारखीला हुडकू नका. तुमच्याही घरातली सुई हरवू द्या. माणूस जसं आहे तसं, वासासकट, डॉक्टरपुढं न्या. लाज वाटेल, वाटू द्या.

आता थांबते, नव्या सुईत दोरा ओवायची वेळ झाली. खाली बेबीनंदा बसलीय, मांडीवर प्रज्ञा पसरलीय, तिला शाळेत जायचा कंटाळा आलाय. बेबीनंदा दोऱ्याचं टोक ओठांत धरते, ओलं करते, बाहेर काढते. रोज या वेळी माझा जीव नेढ्यात येतो. मी वाकून बघते.

पांढरं आहे.